भाच्याच्या पायाला मुंग्या, बी-१२ नॉर्मल, आणि स्कूटीच्या डिकीत क्रीमची नळकांडी

मुलुंडची मावशी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहायची वेळ आज आली.

माझ्या बहिणीचा मुलगा, वय २०, साताऱ्याकडचा. इंजिनिअरिंगला इकडे ॲडमिशन मिळाली म्हणून दोन वर्षं माझ्याकडेच राहतो, मला माऊ म्हणतो. गणपतीच्या सुमारास म्हणाला पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मी म्हटलं रोज ट्रेनमध्ये तासभर उभा असतोस, येणारच. मग हाताच्या बोटांनाही यायला लागल्या. मग एक दिवस घाटकोपरच्या पुलावरच्या गर्दीतून घरी आला तो एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठे रे विचारलं तर खाली बघितलं आणि चेहराच उतरला त्याचा. पायातली चप्पल गेली आणि मुलुंडपर्यंत अनवाणी पायाने आला तरी त्याला कळलं नव्हतं. तेव्हा मी घाबरले. त्यानंतर बघत गेले तर शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं, आणि बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की झोकांडी, एका हाताने नळ धरूनच तोंड धुवायचा.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आठ दिवस ॲडमिट होता. आधी म्हणाले जीबीएस (नसांना अचानक लुळेपणा आणणारा आजार) असेल, पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात काही नाही. बी-१२ केलं, नॉर्मल आलं, म्हणून तो विषय तिथेच सोडला. शेवटी एका तरुण रेसिडेंट डॉक्टरने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याच्याशी एकट्याशी बोलली, तेव्हा निघालं. 'बलून' मारायचा. क्रीम फेटायच्या मशीनला जी गॅसची छोटी नळकांडी लागतात, त्यातला गॅस फुग्यात भरून ओढतात म्हणे. होळीपासून चालू होतं, आधी पार्टीत एखादा, मग एका रात्रीत अख्खं खोकं.

घरी येऊन स्कूटीची डिकी उघडली. बोटाएवढी चंदेरी रिकामी नळकांडी, प्रत्येकाच्या तोंडाला भोक पाडलेलं. मी खाली बसून मोजली, ६३ भरली. पिशवी उचलली की गोट्यांसारखी वाजतात. रोज त्या स्कूटीवर मागे बसून मी भाजी आणायला जात होते.

मानेचा एमआरआय झालाय, मज्जारज्जूच्या मागच्या भागात उलट्या व्ही सारखा पांढरा डाग आहे. इंजेक्शनं चालू झालीत. मला विचारायचंय ते असं की हा गॅस नक्की करतो काय, बी-१२ नॉर्मल असून हे कसं झालं, पोरगं पुन्हा नीट चालेल का, आणि इन्शुरन्सवाल्यांनी कॅशलेस अडवलंय ते सुटेल का, आणि ज्याने हे विकलं त्याच्यावर काही दावा करता येतो का. बहीण सारखी एकच विचारते, तुझ्या घरात असताना असं कसं झालं. माझ्याकडे उत्तर नाही.

पार्लेकर
मावशी, वाचून सुन्न झालो. एक शंका, हा डेंटिस्ट देतात तोच लाफिंग गॅस ना? माझ्या मुलीला गेल्या महिन्यात दाढ काढताना दिला होता. काळजीचं आहे का?

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, २२ वर्षं हा गॅस हाताळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्लेकर, मुलीची काळजी करू नका. गॅस तोच, नायट्रस ऑक्साइड, पण दवाखान्यात तो एकटा कधीच देत नाहीत. सोबत ऑक्सिजन असतो, किमान ३० टक्के, आणि प्रसूतीच्या कळांसाठी देतात त्यात निम्मा गॅस निम्मा ऑक्सिजन. मशीनच अशी बनवलेली असते की ऑक्सिजन बंद पडला तर हाही बंद होतो. थोडा वेळ, एकदा, कुणीतरी समोर बसून लक्ष ठेवतंय. त्या नळकांड्यात मात्र ८ ग्रॅम शुद्ध नायट्रस असतो, ऑक्सिजनचा थेंब नाही.

आता मावशी, तुमचा मुख्य प्रश्न. बी-१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट असतो. नायट्रस त्या कोबाल्टला ऑक्सिडाइझ करून टाकतो आणि तो बी-१२ कायमचा निकामी होतो, म्हणजे शरीरात आहे पण कामाचा नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडा दिसतो तो एकूण बी-१२ चा, त्यातला चालणारा किती आणि मेलेला किती हे ती तपासणी सांगत नाही. म्हणून नॉर्मल. घरात तांदळाचा डबा भरलेला आहे पण सगळ्याला कीड लागलीय, बाहेरून बघणाऱ्याला डबा भरलेलाच दिसणार. अशा वेळी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक ॲसिड तपासायचं, ते वाढलेलं सापडतं. आपल्याकडे होमोसिस्टीन कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं, पण गॅस थांबवल्यावर आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर ते उतरायला लागतं म्हणून रक्त आधीच घ्यायला हवं.

बी-१२ बंद पडला की नसांवरचं मायलिनचं आवरण टिकत नाही. वायरीचं रबर सोलवटावं तसं. सगळ्यात आधी मार बसतो मज्जारज्जूच्या मागच्या भागाला, आणि तिथूनच 'आपला पाय कुठे आहे' ही खबर मेंदूकडे जाते. म्हणून चप्पल गेलेली कळली नाही. उघड्या डोळ्यांनी चालताना नजर सांभाळून घेते, डोळे मिटले की तीही मदत गेली, म्हणून बेसिनपाशी तोल जातो. तुम्ही जे घरात बघितलंत ते आम्ही ओपीडीत पाय जुळवून डोळे मिटायला सांगून बघतो. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का विचारा त्याला, तेही यातलंच लक्षण.

हे नवीन नाहीये. १९७८ मध्ये अमेरिकेतून अशा १५ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली होती, त्यातले बहुतेक स्वतः डेंटिस्ट होते. गॅस हाताशी, सवय लागली, हातपाय बधिर झाले. तेव्हा दवाखान्याच्या सिलिंडरशी हात पोचणाऱ्यांचा आजार होता, आता मोबाईलवर ऑर्डर करणाऱ्या विशीतल्या पोरांचा झालाय.

उपचार म्हणाल तर पहिली गोष्ट गॅस पूर्ण बंद, अगदी एकही नाही, नाहीतर देताय ते बी-१२ पण तो खाऊन टाकेल. दुसरं बी-१२ ची इंजेक्शनं, साधारण १००० मायक्रोग्रॅमची, सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड. आणि कुणी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करून देत असेल तर थांबवा, बी-१२ शिवाय एकटं फॉलिक दिलं तर नसांचं नुकसान वाढू शकतं. बरं होतं का? बऱ्याच जणांना होतं, काहींचं थोडं राहून जातं, आणि जितक्या लवकर थांबाल तितकं बरं. महिने लागतात. फिजिओथेरपी सोडू नका.

एक विचारतो, घरी शाकाहारी आहात का?

मुलुंडची मावशी
डॉक्टर, हो. बहिणीच्या घरी सगळे माळकरी, पिढ्यानपिढ्या. अंडंसुद्धा नाही. मान वाकवली की करंट येतो, आत्ता विचारलं, म्हणाला हो, पण मला वाटलं अभ्यासाने मान आखडलीय. होमोसिस्टीन कालच आलं, १५ च्या आत हवं ते ६० च्या वर आहे.

भूलवाला
वाटलंच. बी-१२ मिळतो दूध, अंडी, मासे, मटणातून. आपल्याकडे शाकाहारी घरांमध्ये तो मुळातच काठावर असतो, होस्टेलला राहून दूध-दही सुटलेलं असतं, त्यात कुणी ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी घेत असेल किंवा डायबेटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर अजून कमी. परदेशातल्या मुलांनी इतके फुगे ओढले आणि त्यांना काही झालं नाही असं ऐकून आपली पोरं हिशोब लावतात, तो हिशोब आपल्या पोरांना लागू नाही हो. त्यांची शिल्लक वेगळी, आपली वेगळी.

होमोसिस्टीन वाढलं की रक्तात गुठळ्या व्हायचा धोकाही वाढतो. एका पोटरीला सूज आली, दुखायला लागली, किंवा एकदम धाप लागली तर मुंगी समजून घरी थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीला.

कांदिवली_वेस्ट
मी २४ चा आहे. हे नाव वापरून पहिल्यांदाच लिहितोय.

आमच्या ग्रुपमध्ये पण होतं. टर्फवर मॅच झाली की कोणाच्या तरी गाडीत, काचा वर, एसी चालू. दारूचा वास घरी येतो, सिगरेटचा येतो, याचा काहीच येत नाही, दहा मिनिटांत तुम्ही एकदम नॉर्मल. मिनिटभराची किक असते, कानात घुमल्यासारखं होतं आणि संपते, म्हणून लगेच दुसरा, मग तिसरा, मोजत कोणीच नाही. आणि डोक्यात एकच, दुकानात बिल देऊन मिळतं, लीगल आहे, केक बनवायचंच तर आहे.

आमच्यातल्या एकाने मोठा सिलिंडर मागवला होता, तो छोटा नाही, फायर एक्स्टिंग्विशरसारखा. मांड्यांमध्ये धरून भरत बसला होता. गॅस बाहेर येताना बाटली बर्फासारखी गार होते, आणि याला नशेत काही जाणवलंच नाही. सकाळी दोन्ही मांड्यांना आतून हे मोठे फोड. भाजल्यासारखी कातडी निघाली, ग्राफ्टिंग करावं लागलं. घरी सांगितलं बाईकचा सायलेन्सर लागला. डॉक्टरने बघितल्या बघितल्या सांगितलं हे सायलेन्सरचं नाही.

मावशी, तो तुमच्यापासून लपवत होता म्हणजे तुमचं लक्ष नव्हतं असं नाही. दिसण्यासारखं काही नसतंच. मी माझ्या आईशेजारी बसून जेवायचो त्याच रात्री.

माझ्या तळपायाला मुंग्या येतायत दोन आठवडे. उद्या जातो दाखवायला.

भूलवाला
उद्या नक्की जा, आणि गेल्या गेल्या पहिल्या वाक्यात सांग की नायट्रस ओढलंय, किती आणि कधीपर्यंत. डॉक्टर विचारतील याची वाट बघू नकोस, आपल्याकडे अजून पुष्कळ जणांच्या डोक्यात हे येत नाही. लॅबमध्ये होमोसिस्टीन सांगायचं, नुसतं बी-१२ नाही. आणि बंद गाडीचं, पिशवी तोंडाला लावायचं जे काही चालतं ते मित्रांना आजच सांग. फुप्फुसात ऑक्सिजनऐवजी नुसता हा गॅस भरला तर माणूस ओरडत नाही, तडफडत नाही, गप होतो आणि जातो. शेजारच्याला वाटतं झोपला. गॅस तिथे −८८ डिग्रीला उकळतो, थेट नळकांड्यातून तोंडात घेतलं तर ओठ, घसा गोठतो, त्याचंही सांग.

इकडे येऊन काय झालं ते लिही.

फोर्टातला वकील
मावशी, दाव्याचं मी सांगतो. खोटी आशा लावणार नाही आणि उगाच घाबरवणारही नाही.

आधी पोलिसांचं. नायट्रस ऑक्साइड १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत नाही, त्यामुळे भाच्यावर ड्रग्जची केस होईल ही भीती काढून टाका. त्याच कारणाने विकणाऱ्यालाही त्या कायद्याखाली पकडता येत नाही. पण ओढून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, आणि कुणाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. कांदिवलीवाल्या मित्रा, काचा वर करून बसलेल्या त्या गाडीच्या स्टिअरिंगवर कोणीतरी होता, त्यालाही हे वाचायला दे.

आता भरपाई. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. कलम ८४ प्रमाणे वस्तूमुळे इजा झाली आणि त्यावर पुरेशी सूचना किंवा इशारा नव्हता तर बनवणारा जबाबदार. कलम ८६ विकणाऱ्याचं. त्यात एक कामाची गोष्ट आहे, बनवणारा कोण हेच कळत नसेल तर विकणाऱ्याला धरता येतं. हे चार्जर, म्हणजे ही नळकांडी, कुठूनतरी आयात केलेले असतात, खोक्यावर धड नाव-पत्ता नसतो, म्हणून खोकं बघा. भाचा मुंबईत राहतो म्हणजे तक्रार इथेच करता येते, उपनगरचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे, वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असली तर फी लागत नाही. मुदत मात्र २ वर्षं.

पण समोरचा वकील पहिल्याच तारखेला कलम ८७ काढणार, हे आधीच समजून घ्या. वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विकणाऱ्यावर अशी कारवाई करता येत नाही असं त्यात सरळ लिहिलंय. इशारा दिला नाही असा बनवणाऱ्यावर आक्षेप घेतला, तर वापरताना तक्रारदार दारूच्या अमलाखाली होता हा बचाव त्याला आहे. शिवाय धोका उघड किंवा सगळ्यांना माहीत असलेला असेल तर इशारा दिला नाही म्हणूनही धरता येत नाही.

मग उरतं काय? तर हा गैरवापर विकणाऱ्याला अपेक्षित होता, नव्हे त्याचा धंदाच त्यावर होता, हे दाखवणं. बेकरीला क्रीम फेटायला स्ट्रॉबेरी, आंबा असल्या स्वादाचा गॅस कशाला लागतो? क्रीमच्या नळकांड्यांबरोबर फुग्यांचं पाकीट का जोडून देतात? रात्री दोन वाजता खोकं घरपोच कुठल्या केकसाठी? आणि हातपाय लुळे पडू शकतात हा धोका खरंच 'सगळ्यांना माहीत' आहे का? इथे या धाग्यावर किती जणांना माहीत होता ते बघा.

अमेरिकेत मिसूरी राज्यात २०२३ मध्ये ज्यूरीने हाच मुद्दा उचलून ७४.५ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. २०२० ची घटना. गाडी चालवणाऱ्याने हा गॅस ओढला, शुद्ध हरपली आणि कामावरून निघालेल्या एका तरुणीला उडवलं, ती गेली. नळकांडी विकणाऱ्या कंपनीवर सगळ्यात जास्त जबाबदारी टाकली, चालक आणि दुकानदारावर थोडी थोडी. पण फरक ओळखा, तिथे मेलेली मुलगी गॅस ओढणारी नव्हती, रस्त्यावरची होती. तुमच्याकडे ओढणारा स्वतःच दावेदार आहे, त्यामुळे तुमची केस अवघड. अवघड म्हणजे अशक्य नाही.

आज करायचं काम म्हणजे ती ६३ नळकांडी फेकू नका. खोकं, बॅच नंबर, यूपीआयची एंट्री, ऑर्डरचा स्क्रीनशॉट, दुकानाच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं आत्ता काढून ठेवा, केसची कुणकुण लागली की पोस्ट उडवतात. आणि डिस्चार्ज कार्डावर 'नायट्रस ऑक्साइडमुळे' हे शब्द यायला हवेत.

क्लेम टेबल
ते शब्द कार्डावर आले की इन्शुरन्सचं काय होणार हे मावशींना आधी सांगायला हवं. मी १४ वर्षं क्लेम बघायचो, आता निवृत्त.

हेल्थ पॉलिसीत आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ठरवून दिलेल्या वगळणी असतात, त्यातली १२ नंबरची म्हणजे दारू, ड्रग, कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार. कॅशलेस त्यावरच अडवलं असणार. तरीही डॉक्टरला सांगून कार्डावरून ते शब्द काढायला लावू नका. एकतर खोटं ठरेल, ॲडमिशन नोट्समध्ये त्या रेसिडेंट डॉक्टरने लिहिलंच असेल, आणि खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसीच रद्द करायला त्यांना कारण मिळेल. दुसरं, पुढच्या वेळी इमर्जन्सीत नेलं तर तिथल्या डॉक्टरांना कागदावर ते दिसलं पाहिजे.

नकार लेखी मागा, कलमासकट. मग कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला लिहा. निदान होईपर्यंतच्या तपासण्या, मुळातली आहारातली बी-१२ ची कमतरता, पोरगं व्यसनमुक्तीच्या उपचाराला नाही तर मज्जारज्जूच्या आजाराला ॲडमिट होतं, हे मुद्दे न्यूरोलॉजिस्टच्या पत्रासकट मांडा. नाही ऐकलं तर विमा लोकपाल, मुलुंडसाठी त्यांचं ठाण्याचं ऑफिस. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणणार नाही, काही भाग सुटलेला मी बघितलाय.

ठाण्याची केकवाली
मी घरून केकच्या ऑर्डर घेते, तेच चार्जर माझ्या ओट्यावर आहेत. कालपासून हा धागा वाचतेय आणि त्या खोक्याकडे बघवत नाहीये. माझ्या खोक्यावर फक्त 'लहान मुलांपासून दूर ठेवा' आणि 'उष्णतेपासून दूर' एवढंच छापलंय. ओढू नका, नसा जातात, असं कुठेच नाही. मला महिन्याला एक खोकं पुरतं. मी जिथून घेते तिथे परवा एक कॉलेजचा मुलगा एकदम १० खोकी घेऊन गेला, दुकानदाराने विचारलंसुद्धा नाही, आणि मीही तिथे उभी होते, मीही नाही विचारलं.

सरसकट बंदी आली तर आमचं काय, हेही मनात येतं.

फोर्टातला वकील
ताई, सरसकट बंदीची गरज नाही. ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून नायट्रसला क्लास सी ड्रग (बंदी असलेल्या अमली पदार्थांचा एक वर्ग) केलं, नशेसाठी जवळ बाळगलं तर २ वर्षांपर्यंत शिक्षा, विकलं तर १४ वर्षांपर्यंत, पण स्वयंपाकघर, दवाखाना यांचा खरा वापर कायद्याबाहेर ठेवलाय. नेदरलँड्सनेही १ जानेवारी २०२३ पासून असंच केलं. आपल्याकडे निदान १८ च्या खाली विक्री नाही, एका बिलावर ठराविक संख्या आणि खोक्यावर मराठी-हिंदीत ठळक इशारा, एवढं नियमाने करता येण्यासारखं आहे. हुक्का पार्लर बंदीचा राज्याचा कायदा २०१८ मध्ये आला, २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल्सच्या आगीत १४ जीव गेल्यावर. दरवेळी आधी तिरड्या उठायला हव्यात का, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या खोक्याचा चारही बाजूंनी फोटो काढून मला पाठवा, काय छापलंय आणि काय नाही हाच पुरावा आहे.

पार्लेकर
व्यसनाच्या बाजूने मदतीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, आणि मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात. मावशी, तुम्ही स्वतः पण फोन करू शकता.

कांदिवली_वेस्ट
गेलो होतो. डॉक्टरांनी घोट्यावर तो ट्यूनिंग फोर्क ठेवला आणि विचारलं थरथर जाणवते का, मी म्हटलं सुरू कधी करणार. ते म्हणाले चालूच आहे. होमोसिस्टीन दिलंय, पहिलं इंजेक्शन तिथेच घेतलं. आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त इंजेक्शनच्या चिठ्ठीचे पैसे तिने दिले.

मुलुंडची मावशी
सात आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

कंपनीने लेखी नकार दिला, कलम १२ च लिहिलंय. लोकपालाकडे अर्ज परवा देऊन आले, न्यूरोलॉजिस्टनी दोन पानी पत्र दिलंय. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं नळकांडी, खोकं, स्क्रीनशॉट सगळं एका डब्यात सील करून ठेवलंय, नोटीस या महिन्यात जाईल. दुकानाची ती फुग्यांची पोस्ट खरंच उडवली त्यांनी, पण आमच्याकडे फोटो आहे.

भाचा वॉकर सोडून भिंतीला हात लावून चालतो. मुंग्या आहेत, पण आता गुडघ्याला ट्यूनिंग फोर्क कळतो, घोट्याला अजून नाही. बहीण येऊन राहिलीय. तिने स्वतःहून डॉक्टरांना विचारलं की अंडं दिलं तर चालेल का, आणि माळ हातात धरून रडली. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन आहे, अंड्याची सक्ती नाही, तेव्हा कुठे शांत झाली.

काल सकाळी तो बेसिनपाशी उभा होता. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दोन्ही हातांची ओंजळ करून त्याने पाणी घेतलं, डोळे मिटले, तोंडावर मारलं. थोडा हलला. नळ धरला नाही.

शुक्रवारी पुढची तारीख आहे, तेव्हा लिहिते.